सैल केलेले मोजे

आमचे दाजी शिंपी. आयुष्यभर त्यांचा एकच हट्ट, कपडा अंगाला काचता कामा नये. गिऱ्हाईक कितीही म्हणो, "मास्तर, जरा फिटिंगमध्ये शिवा," हे दोन बोटं सैल ठेवणारच. मी त्यांचा धाकटा मेहुणा. माझ्या लग्नातल्या कोटात माझ्यासोबत नवरीही मावली असती.

मशीनवर वाकून वाकून मणक्यानं दगा दिला आणि ऑपरेशन करावं लागलं. ते झकास झालं. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं, "नुसते पडून राहू नका. पायात रक्ताची गाठ होते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. थोडं थोडं चालायचं आणि हे घट्ट मोजे काढायचे नाहीत."

घट्ट! दाजींना ते कसं सोसावं? ताईची पाठ वळताच त्यांनी मोजे उभे कापले, मध्ये पट्टी जोडली आणि खुशाल पाय ताणून झोपले.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी त्यांची कुरकुर सुरू झाली. "हा पायजमा डाव्या पोटरीला घट्ट होतोय."

"धुण्यात आटला असेल," ताई म्हणाली.

"एकच पाय कसा आटेल? आणि माझ्या हातचा पायजमा घट्ट होणं शक्यच नाही!"

बोलता बोलता ते थबकले. पायजमा बरोबर, म्हणजे पायच वाढला होता. ताईनं कापड वर केलं. पोटरी सुजून टम्म, हाताला गरम. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मी गाडी काढली. थेट हॉस्पिटल गाठलं.

तपासणीत गाठ दिसली, पण ती पोटरीतच होती. औषधं लगेच सुरू झाली. डॉक्टरबाईंनी तो मोजा दोन बोटांत धरून विचारलं, "हे काम कुणाचं?"

"टाका सुबक आहे ना?" दाजी पुटपुटले.

"मोजे असूनही गाठ झाली असती कदाचित. पण मग मला तुमच्यावर ओरडता आलं नसतं!"

आता दाजी ठणठणीत आहेत. दुकानात अधूनमधून उठून फेऱ्या मारतात. नवे मोजे मिळाले आहेत, पण त्यांना वाकायला अजून मनाई आहे, म्हणून रोज सकाळी ताई जमिनीवर बसून ते चढवते.

"फार घट्ट आहेत गं," काल ते म्हणालेच.

"असू देत," ताई मान वर न करता म्हणाली. "सैल सोडलं की तुम्ही निसटायला बघता."

दाजींनी दुसरा पाय पुढे केला.