रिकाम्या खुर्चीवरचा पंखा

लातूरच्या ज्या ऑफिसात मी झाडलोट आणि चहा करते, तिथं कोपऱ्यात एक साहेब बसतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. इमारतींचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची लायसनं, म्हणजे ते वापरायची परवानगी, तिथं थोडी आणि काम करणारे जास्त. कोण वापरतंय आणि कोणाचं नुसतंच उघडं पडलंय, हे ते दिवसभर स्क्रीनवर बघतात. पडून असलेलं काढून दुसऱ्याला देतात. जाता-येता रिकाम्या खुर्चीवरचा पंखाही बंद करतात.

तिथं नकाशे काढणारी चाकूरची एक पोरगी दुपारी तान्ह्या लेकराला पाजायला जवळच्या खोलीवर जायची. परत येईपर्यंत तिचं लायसन दुसऱ्याकडं गेलेलं असायचं. मग संध्याकाळपर्यंत ती हातावर हात ठेवून बसायची आणि काम होत नाही म्हणून बोलणी खायची.

एकदा चहा ठेवताना मी धीर करून म्हणाले, "सर, लेकराला पाजायला गेलीय ती. येईलच आता."

त्यांनी मान वर केली नाही. "मावशी, मला इथं चालू की बंद, एवढंच दिसतं." चहावरची साय त्यांनी बोटानं बाजूला केली.

पुढं तिला कामावरून काढलं. डबा पिशवीत भरताना ती म्हणाली, "मी सॉफ्टवेअर वापरतच न्हाई म्हणं, मावशी. माझ्याकडं राहू दिलं तर वापरीन ना!"

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाजवळ खाली बसून मी भाकरी खात होते. साहेब आले. खुर्ची रिकामी होती. त्यांनी वरचा पंखा बंद केला आणि निघून गेले. मी "सर" म्हणाले, पण ते माझं मलाच ऐकू आलं.