एल्मर कुठे बसतो?

माझी ओपल मावशी एकतीस वर्षं शाळेची बस चालवत होती आणि त्यातली सव्वीस वर्षं बास्केटबॉलच्या जुन्या स्टेडियममध्ये एकाच खुर्चीवर बसत होती. शेजारच्या खुर्चीवर एल्मर. वेल्डिंग करायचा. त्याचा गुडघा किती थंडीत दुखतो, बायको कशाने गेली, हॉटडॉगवर मोहरीची चटणी का चालत नाही, सगळं मावशीला पाठ. आडनाव मात्र ठाऊक नाही, फोन नंबरही नाही. आम्ही लोक असेच! सामना असला की शेजारी तिथे असणारच, मग विचारायचं कशाला?

जुनं स्टेडियम पाडलं, नवं बांधलं, वर्षभराच्या तिकिटांच्या खुर्च्या नव्याने वाटल्या. त्यात एल्मर हरवला.

पहिल्या सामन्याला मी मावशीसोबत गेले. दारावरचा कॅमेरा म्हणे चेहरा दाखवा. मावशीने तीनदा दाखवला. दुकानातून हॉटडॉग उचलायचा आणि सरळ बाहेर पडायचं, पैसे आपोआप कापले जातात. ती हॉटडॉग घेऊन दारातच थांबली.

"अगं, कुणाला तरी सांग ना, मी हा घेतलाय म्हणून!"

"चल गं मावशी. त्यांना कळलंय."

"कुणाला?"

मला तरी कुठे माहीत होतं!

चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंनी एल्मरचं आडनाव विचारलं.

"उंच आहे," मावशी म्हणाली. "मोहरी खात नाही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग गोल व्हरांड्यातून चालत आम्ही दोनदा त्याच पॉपकॉर्नवाल्यापाशी आलो, आणि कशाबशा आमच्या खुर्च्या सापडल्या.

आमच्याकडे आपल्या संघाची पहिली बास्केट होईपर्यंत कुणी बसत नाही. एल्मर त्यानंतरही बसायचा नाही, त्याचं भानच सुटायचं. मागचे ओरडू लागले की मावशी त्याची बाही दोनदा ओढायची, तेव्हा कुठे तो बसायचा.

त्या दिवशी बास्केट झाली, सगळे बसले आणि मावशीचा हात आपसूक उजवीकडे गेला. तिने दोनदा बाही ओढली. एका अनोळखी दाढीवाल्याने वळून पाहिलं.

"माफ करा हं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. त्या चकचकीत इमारतीचा मला मनस्वी राग आला.

तेवढ्यात लोक हसायला लागले. वरच्या प्रचंड पडद्यावर एक उंच म्हातारा दिसत होता, एकटाच उभा.

"एल्मर!" मावशी ताडकन उठली. "पण कुठे? डावीकडे? मागे?"

पडदा मधोमध टांगलेला, त्यावरून काय कळणार? आम्ही दोघी गरगर फिरून बघत राहिलो.

"ओ आजी, बसा की!"

"नाही बसत जा!"

कॅमेऱ्याला असलं आवडतंच. पडद्यावर आता मावशी आली, घराएवढी. स्वतःला बघून ती क्षणभर गोंधळली. मग तिने आपलीच बाही धरली आणि दोनदा ओढली.

पुन्हा एल्मर दिसला. तो वर पडद्याकडे बघत होता. त्याने हळूच स्वतःच्या बाहीला हात लावला आणि खाली बसला. त्याच्या मागच्या भिंतीवर विभागाचा आकडा होता, दोनशे चौदा.

मावशीने हॉटडॉग माझ्या हातात कोंबला. "धर. मी त्याचं आडनाव विचारून येते."

आणि निघाली, नेमकी उलट्या दिशेने. व्हरांडा गोल होता, म्हणून मी काही बोलले नाही.