विद्यार्थी आवृत्तीतला कडुलिंब

लायसन्स घेतलं त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले. ऑफिस म्हणजे कोपरगावात बसस्टँडमागचा एक गाळा, आणि पेढे खायला आई आणि शेजारचे टेलरकाका. कॉलेजपासून मी बांधकामाचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर वापरत होते ते विद्यार्थ्यांसाठीचं, फुकटचं. त्यात काढलेल्यावर धंदा करायचा नाही, अशी त्याची अट. आता मी रीतसर व्यावसायिक लायसन्सवाली बाई झाले होते. काकांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण पेढे त्यांनी मनापासून खाल्ले.

पहिलं काम आजोळाहून आलं. पुणतांब्याला मामाच्या वस्तीत, विहाराला लागून पोरांसाठी अभ्यासिका बांधायची होती. मामानं माझं नाव सुचवलं. पण वस्तीतली थोरली मावशी, जिच्या शब्दाबाहेर तिथं कोणी जात नाही, ती म्हणाली, "ती व्हय? ती तर अजून शिकतीय!" अगं मावशी, कॉलेज सोडून किती काळ लोटला! पण तिच्या डोळ्यांपुढं मी आपली दप्तर घेऊनच उभी. शेवटी ठरलं, की शहरातल्या एका जुन्या इंजिनिअरचा नकाशा आलाच आहे, माझाही बघायचा, आणि रविवारी बैठकीत काय ते ठरवायचं. मला ते काम हवंच होतं. ज्या अंगणात मी खेळले, तिथंच मला कोणी मोठं मानू नये, हे फार झोंबलं होतं.

त्या जागेत पुढच्या बाजूला एक कडुलिंब आहे. दुपारची अख्खी वस्ती त्याच्याखाली असते. तो वाचवायचा म्हणून मी व्हरांडा सरळ न नेता झाडापाशी आत वळवला. आता त्या जागी झाड दाखवायला हवं. सॉफ्टवेअरमधली तयार झाडं बघितली तर सगळी टोकदार, बर्फातली. पुणतांब्यात असलं झाड कोणी बघितलंय? मग मला आठवलं, कॉलेजात असताना मी हाच लिंब काढला होता. खाली बाज, बाजेवर डोक्यावर पदर घेतलेली मावशी. नकाशात झाड वरून दिसतं तसं काढायचं असतं, म्हणून सर ओरडले होते. पण मला तो लिंब फार आवडायचा. जुनी फाइल उघडली, लिंब उचलला आणि नव्या नकाशात ठेवला. काय शोभला म्हणून सांगू!

शनिवारी सकाळी प्रिंटच्या दुकानात कागद सरकत बाहेर आला. चारही कडांना छापलेलं, 'शैक्षणिक आवृत्तीत तयार केलेलं'. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कॉलेजचं सबमिशन का?"

कॉलेजचं म्हणे! विद्यार्थी फाइलमधला एवढासा तुकडा जरी चांगल्या फाइलीत आला, तरी सगळ्या फाइलीला तो शिक्का लागतो. मग तुकडा पुसा नाहीतर काहीही करा, शिक्का काही निघत नाही. दुकानदारानं शिक्का उडवायचा एक जुगाड सुचवला. मी म्हटलं, "दादा, लायसन्स काय शोभेला घेतलंय?" तरातरा गाळ्यावर आले आणि नवी फाइल उघडून पहिल्या भिंतीपासून सगळं पुन्हा काढलं. स्वतःला शिव्या घालत काढलं. लिंबापर्यंत पोचायच्या आत दुकान बंद व्हायची वेळ झाली, म्हणून बिनझाडाचाच नकाशा छापून आणला. कडा मात्र कोऱ्या करकरीत होत्या. मला वाटलं, जिंकले.

रविवारी लिंबाखालीच बैठक बसली. दोन्ही नकाशे सतरंजीवर पसरले. मावशीनं माझ्या व्हरांड्यावर बोट ठेवलं. "हितं ही खाच कशापायी?"

"रेघ वाकडी गेली आसंल," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मामानं मान खाली घातली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"वाकडी नाही गेली!" म्हणत मी पर्समधून पेन्सिल काढली आणि गुडघ्यांवर बसून त्या वळणात लिंब काढायला लागले. उभाच काढला, सरांना काय वाटायचं ते वाटो. बुंधा, फांद्या, पानांचे घोस. हसणं थांबलं. मावशीनं वर झाडाकडं बघितलं, मग त्या इंजिनिअरच्या नकाशाकडं. त्यात व्हरांडा पट्टीनं आखल्यासारखा सरळ होता.

"मंग ह्यात आपला लिंब कुठं गेला?"

तो सरळ व्हरांडा लिंबाच्या बुंध्यावरूनच जात होता. आता सगळ्यांनाच ते दिसत होतं.

मी खाली बाज काढली, बाजेवर पदर घेतलेली म्हातारी काढली. पोरं ओरडली, "मावशी! मावशी हाय ती!" मला इतका आनंद झाला की लिंबाला चार पानं जास्तच काढली. या लिंबाला कुठल्याच आवृत्तीचा शिक्का नव्हता.

मावशीनं नाकावरचा चष्मा सारखा करून कागद डोळ्यांजवळ नेला. मग चित्रातल्या म्हातारीवर बोट ठेवून माझ्यापुढं धरला.

"माझा चष्मा ऱ्हायलाय."

मी पेन्सिलीनं म्हातारीला चष्मा काढून दिला. तिनं पुन्हा निरखून बघितलं आणि कागद मामाच्या हातात ठेवला.

"हं. बांधा आता."