हक्कसोडीची साडी

वकिलाने कागदांवर पंजा ठेवला होता. खाली सहीपुरती जागा तेवढी उघडी. तिथे पेन टेकवून म्हणाला, "मावशी, इथे."

मी म्हटलं, "वाचून करते."

तो हसला. माझ्याकडे बघून नाही, माझ्या भावाकडे बघून. दादा त्याला म्हणाला, "मिठागरात वाढलीये ती. तिला काय कळतंय यातलं?" मग माझ्याकडे वळून घरच्या बोलीत, "बाय, सई कर न मोकली हो."

मी दहावी पास आहे. दादाला ते माहीत आहे. पण तिथे बोलले असते तर मीच उर्मट ठरले असते.

बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागली. दादा, मोठी बहीण आणि मी. घोडबंदर रोडच्या आत, खाडीच्या अंगाला आमची शेवटची जमीन उरलेली. बिल्डरला ती हवी, पण बहिणींच्या नावांची कटकट नको. म्हणून हक्कसोड. आम्ही दोघी राजीखुशीने आपला हिस्सा भावाला सोडतो, असं लिहून द्यायचं. आमच्यात ही रीतच पडलीय. बहीण सही करते, भाऊ तिला साडी नेसवतो, वहिनी ओटी भरते, सगळे मटण-भाकरी जेवतात. जी सही करत नाही तिचं माहेर बंद. आमच्या साड्या आधीच घेऊन गाडीत ठेवलेल्या. दोन्ही एकाच रंगाच्या.

त्या जमिनीत मी बाबांबरोबर भात लावलाय, पाठ मोडेपर्यंत. उन्हाळ्यात मिठागरात डोक्यावर टोपली. पायांच्या भेगांत खारं पाणी गेलं की ब्रह्मांड आठवायचं. दादा तेव्हा ठाण्याला क्लासला जायचा, कारण तो मुलगा. तेव्हा मला त्याचा राग नव्हता. आता आहे.

मोठीने सही केली. माझा हात दाबून म्हणाली, "वाद नको गं करू. पोराची हलद हाय पुढच्या महिन्यान." पोरगा म्हणजे दादाचा मुलगा. आमच्यात हळदीला आत्याचा मान मोठा. दादाने मुहूर्त बरोबर साधला होता. सही नाही तर मान नाही.

मीही केली सही. न वाचता.

मग नोंदणीच्या ऑफिसात. गर्दी, घाम, कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, यंत्रावर अंगठा द्यायचा. साहेब मान वर न करता एकेकाला विचारत होता, "दस्त समजला? कबूल आहे?" लोक हो हो करत पुढे सरकत होते. मोठीला विचारलं तर ती नुसती मान हलवून बाजूला झाली.

माझी पाळी आली. साहेबाने विचारलं, "कबूल आहे?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "हो साहेब, कबूल आहे."

माझ्या अंगाची आग झाली. मेलेल्या माणसाच्या वतीने वारस बोलतात. मी तर जिवंत होते, त्याच्या शेजारी उभी होते. माझं 'हो'सुद्धा त्याच्या मालकीचं झालं होतं.

मी म्हटलं, "साहेब, प्रश्न मला होता ना? मला कबूल नाही. मला वाचू दिलं नाही. मी माझा हिस्सा सोडत नाही."

आता साहेबाने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं. "यांच्यापुरती नोंदणी होणार नाही," म्हणाला. "चला, पुढचे या."

बाहेर आल्यावर दादा दात खात म्हणाला, "यापुढं माझे दारान पाय ठेवू नको." मोठीला गाडीत बसवून निघून गेला. साडी तिच्या मांडीवर होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिचा हिस्सा मात्र त्या दिवशी गेला तो गेलाच.

हळद झाली. मला बोलावणं नव्हतं. डोंबिवलीच्या माझ्या घरी मी त्या दिवशी चूल पेटवली नाही म्हणजे गॅस लावला नाही, नुसती पडून राहिले. रडले. खोटं कशाला सांगू? शेजारणी म्हणाल्या, भावाच्या तोंडचा घास काढलास. सासरचेही तेच म्हणाले. कुणाच्या तोंडचा घास? तो पिकवताना कुणाची पाठ मोडली, हे एकानेही विचारलं नाही.

मी ठाण्याच्या कोर्टात वाटणीचा दावा लावला. परवा मोठी आली होती. दादाने तिच्याकरवी निरोप धाडलेला. "दावा मागे घे, म्हनतंय. येऊन जाऊन राहा पहिल्यासारखी. साडीपन ठेवलीय तुझी."

"ती त्याच्या बायकोला नेसव म्हणावं," मी म्हटलं.

ती उठून गेली. बहुतेक तीही आता यायची नाही.

तारखा पडत राहतील. दादा वकील बदलेल, लांबवेल, माझे केस पांढरे होईस्तोवर लांबवेल. लांबवू दे. निकाल लागला की मी सरकारी मोजणी मागवणार. माझ्या हिश्श्याच्या चारी कोपऱ्यांना दगड रोवून घेणार, आणि त्या दगडांच्या आत माझ्या परवानगीशिवाय ना बिल्डरचा माणूस येईल, ना माझा भाऊ.