डुकराच्या पिल्लांना घातलेला सरवा

लढाईच्या काळात मी बेळगावच्या कॅम्पाजवळ एका ठेकेदाराच्या डुकरखान्यात कामाला होतो. गोऱ्या सोल्जरांसाठी तिथून मांस जायचं. सांबऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या पोरानं डुकरं राखावीत, हे गावाला कुठलं सोसायला! पारावरची माणसं मला ‘डुकरांचा मामा’ म्हणायची. मीही उलटून म्हणायचो, “भाचरं तुमच्यापरास शानी हायत.” तेव्हा माझी जीभ फार चालायची.

धान्यावर रेशन आलं आणि पिल्लांची ज्वारीची आंबील बंद झाली. मोठं डुक्कर काहीही खातं, पण आईचं दूध नुकतंच तुटलेलं पिल्लू नाजूक असतं. नुसत्या भाताच्या कोंड्यावर ती वाळत चालली. काकवी पाजून बघितली, तर हगवण लागली. मग मला आमच्या रानातली रताळी आठवली. उकडून, कुस्करून, त्यात शेंगदाण्याची पेंड आणि थोडं ताक कालवलं. पिल्लांनी खायची दगडी डोणी चाटून पुसून लख्ख केली. थोड्याच दिवसांत त्यांच्या पाठी भरल्या आणि ठेकेदार खूश झाला. “बारकीसारकी कसलीबी चालतील,” तो म्हणाला, “पण रोज आण.”

चांगली रताळी बाजारात जायची. बारकी रानातच होती, पण ती आमची नव्हती. काढणी झाल्यावर मातीत चुकून राहिलेला माल मालकानं उचलायचा नसतो. तो सरवा. ज्यांना जमीन नाही अशा बायका येऊन तो वेचतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला आधीच बजावलं होतं, “सरव्याला हात लावू नगं रं. त्यो आपला न्हवं.”

“रान आपलं, नांगर आपला, मग रताळी कुनाची?” मी म्हणालो.

आणि काढलेल्या रानात मी पुन्हा नांगर घालून मातीत राहिलेली रताळी वेचून घेतली. बांधावर बायका बुट्ट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यात आमच्या गल्लीतली आक्का होती. नवरा नाही, मूल नाही. सरव्याची रताळी चिरून, वाळवून ती उन्हाळा काढायची. मला हे पक्कं ठाऊक होतं. तरी मी बैलांच्या शेपट्यांकडे बघत राहिलो. बायका रिकाम्या बुट्ट्या काखेत मारून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी रताळी कालवताना पिल्लं माझी बोटं लुचत होती. त्यांचा काय दोष? मलाच माझी लाज वाटली. संध्याकाळी घरातली चांगली रताळी बुट्टीत भरून मी आक्काच्या दारात गेलो. ती कसलासा पाला निवडत बसली होती.

“हे कशाला आनलंस?”

“तुझीच हायत, आक्का. ठेवून घे.”

“न्हाय रं बाबा. येचलेलं वायलं, दिलेलं वायलं. मागून खायची येळ अजून आली न्हाय.”

तिचा आवाज चढला असता तर मी भांडलो असतो. भांडणात मी कधी हरत नव्हतो. मी बुट्टी उचलून परत आलो. तो उन्हाळा तिनं कसा काढला ते विचारायचा मला धीर झाला नाही, पण पावसाळ्यात तिच्या गळ्याची हाडं दिसत होती.

पुढच्या साली पिल्लांसाठी मी ठेकेदाराला बाजारातूनच रताळी घ्यायला लावली. आमच्या काढणीत नांगरामागून चालताना जाडजूड रताळी पायानं मातीत दडवत गेलो. बायका आल्या, आक्काही आली. मी मुद्दाम घरी थांबलो. मनात म्हटलं, आता तरी फिटलं.

दिवस कलल्यावर रानात गेलो. आप्पा बांधावर उभे होते. त्यांच्या पायाशी जाडजूड रताळी माती पुसून नीट रचलेली होती.

“आक्कानं ठेवल्यात,” आप्पा म्हणाले. “बारकी तेवढी घेऊन गेली. म्हनली, पोरगं इसरलंय जनू, घरला न्या.”