पाण्यानं बघितलं का?

“पाण्यानं बघितलं का?” कोणी ‘झालं’ म्हणाले की मुकादमांचा हा प्रश्न ठरलेला असे. विचारता विचारता ते उजव्या हाताचा तळवा लाँचच्या पोटात, तळाच्या फळीवर सपाट टेकवीत, थोडा वेळ तसाच ठेवीत आणि मग उलटा करून पाहत. तळवा कोरडा निघाला तरी त्यांचे समाधान होत नसे. लाँच अजून जमिनीवर आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते, असे त्यांचे मत होते.

‘झालं’ या शब्दावर विश्वास न ठेवणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांतली पुष्कळशी स्वभावानेच संशयी असतात. मुकादमांचा मात्र पाण्यावर गाढ विश्वास होता.

आगरदांड्याजवळ, खाडीच्या काठी, लाकडी प्रवासी लाँच दुरुस्त करणारा एक जुना कारखाना आहे; मुकादम तिथले. मी तोवर बरीच वर्षे मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत अ‍ॅजाइल पद्धत शिकवीत आलो होतो. मोठे काम लहान तुकड्यांत वाटायचे, दर पंधरवड्याला काहीतरी पुरे करून दाखवायचे, आणि रोज सकाळी सर्वांनी दहा मिनिटे उभे राहून आपले काम कुठे अडले आहे ते सांगायचे, असे तिचे साधे रूप. कारखान्याच्या मालकांनी ती आपल्या माणसांना शिकवण्यासाठी मला बोलावले. मांडव्याला बोटीतून उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे होते आणि मनात शंका एकही नव्हती.

पहिल्याच सकाळी मुकादम रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसले.

“मुकादम, या बैठकीत उभे राहायचे असते,” मी म्हणालो.

“तुमी लोकं दिवसभर बसता, म्हणून सकाळी उभे ऱ्हाता. आमी दिवसभर उभे. आमाला दहा मिनिटं बसू द्या.”

सगळे हसले. मीही हसलो, पण त्यांच्यापेक्षा थोडा कमी.

भिंतीवर मी बोर्ड लावला होता. त्यावर तीन रकाने होते: ‘करायचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. पाणी शिरू नये म्हणून फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून झाला की सुतार चिठ्ठी ‘झाले’त लावीत, आणि जेवणाच्या सुट्टीत मुकादम ती गुपचूप ‘चालू’त आणून ठेवीत.

“मुकादम, आमच्या चिठ्ठ्या पुढं जातात, तुमची मागं येते,” इंजिनाचा मिस्त्री त्यांना चिडवी.

“तुझं इंजिन जमिनीवर लई गोड वाजतं रे. पाण्यानं बघितलं का?”

मिस्त्री हसत पुन्हा इंजिनात डोके घाली. मी मात्र वहीत ‘बदलाला विरोध’ असे लिहून ठेवले.

माझा पंधरवडा शुक्रवारी संपत असे. पहिली लाँच दुसऱ्या शुक्रवारी पाण्यात उतरेल, असा शब्द मी मालकांना दिला होता. बुधवारी मुकादम बोर्डापाशी आले.

“सायेब, शुक्रवारी भांग हाय.”

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची दुबळी भरती, हे त्यांनी मला लहान मुलाला सांगावे तसे सांगितले. त्या दिवसांत पाणी काठावर पुरेसे चढत नाही. मोठी लाँच उतरवायची तर उधाण लागते, आणि ते अमावस्या-पौर्णिमेला येते. “पुढल्या गुरुवारी अवस हाय. तवा उतरवू. आमचा बी पंधरवडाच असतो, पर तो चंद्रावर चालतो.”

मी ऐकले, पण ऐकून घेतले नाही. अनुभवी माणूस नव्या पद्धतीला जुन्या सबबीने अडवतो, हे मी इतक्या वर्गांत शिकवले होते, की समोर ज्ञान उभे असताना मला सबबच दिसली. मी शक्य तितक्या मृदू आवाजात म्हणालो, “मुकादम, काही दिवस तुम्ही लाकडाच्या शेडकडे पाहा. सकाळच्या बैठकीला नाही आलात तरी चालेल.”

मृदू आवाजात केलेला अपमान अपमानच असतो, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

ते डबा उचलून निघून गेले.

शुक्रवारी संध्याकाळी, भरती पुरी चढल्यावर, वंगण लावलेल्या ओंडक्यांवरून लाँच खाली सरकली आणि मध्येच थांबली. नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यात, मागचा भाग काठावर. पाणी आणखी चढेना. थोड्या वेळाने ते उतरू लागले, तशी लाँच एका अंगावर कलायला लागली. माणसे दोर ओढू लागली. इतक्यात मागून आवाज आला.

“कोनी ओढू नका. फळ्या फुटतील. टेकू आना आधी.”

मुकादम न बोलावता आले होते. चिखलात गुडघ्यापर्यंत उतरून त्यांनी दोन्ही बाजूंनी टेकू लावून घेतले. लाँच वाचली आणि तशीच लाजिरवाणी अर्धवट उभी राहिली.

मालकांनी विचारले, “हे कुणामुळे झालं?”

मी म्हणालो, “टीममध्ये एकवाक्यता नव्हती.”

आयुष्यात याहून भ्याड वाक्य मी उच्चारलेले नाही. मालकांनी मुकादमांकडे पाहिले. “मुकादम, वय झालं तुमचं. एवढी लाँच उतरली की घरी आराम करा.” मुकादम पायांचा चिखल धूत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

माझ्याच पद्धतीत पंधरवड्याच्या शेवटी मागे वळून पाहण्याची एक बैठक असते. काय चुकले ते प्रत्येकाने, दुसऱ्यावर दोष न ढकलता, सांगायचे. शनिवारी सगळे जमले, मालकही आले. मुकादम आपल्या डब्यावर बसले होते. प्रत्येक जण शेजाऱ्याला कोपराने पुढे ढोसू लागला.

“सायेब, खेळ तुमचा,” ते शांतपणे म्हणाले. “पैला डाव बी तुमीच टाका.”

मग मी बोललो. त्यांनी बुधवारीच सांगितले होते, मी ऐकले नाही, उलट त्यांना बैठकीतून दूर केले, आणि काल त्यांच्या नावावर माझी चूक जाऊ दिली.

“मग हे काल का नाही बोललात?” मालकांनी विचारले.

“धीर झाला नाही.”

मालक मुकादमांकडे वळले. मग म्हणाले, “मुकादम, मी कालचं बोललो ते सोडून द्या.”

मुकादम उठले. शेडमधून तिथींचे कॅलेंडर घेऊन आले आणि बोर्डाशेजारच्या खिळ्याला टांगले.

“पद्धत चांगली हाय सायेब. कुठं अडलं ते रोज सकाळी कळतं, पूर्वी महिनाभर कळत न्हवतं. फकस्त वार चुकला.”

गुरुवारी अमावस्येच्या उधाणावर लाँच हंसासारखी उतरली. मुकादम आत गेले, तळवा टेकवला, उलटा करून पाहिला. मग सावकाश बोर्डाशी येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी ‘झाले’त लावली. ती पुन्हा मागे आली नाही.

त्यानंतर तीन वर्षे ते कारखान्यात होते. गेल्या पावसाळ्यात ते वारल्याचा मिस्त्रीचा फोन आला तेव्हा मी परगावी होतो. पोहोचू शकलो नाही. चारचौघांत मी चूक कबूल केली होती, पण एकट्याने समोर बसून क्षमा मागायची राहिलीच. पुढच्या खेपेला मागू, असे दर खेपेला ठरवीत आलो.

परवा कारखान्यात गेलो. मिस्त्री आता मुकादम आहे आणि सकाळची बैठक डब्यावर बसून घेतो. बोर्डावर ‘चालू’ आणि ‘झाले’ यांच्या मध्ये एक नवा रकाना आखलेला दिसला: ‘पाण्याने बघायचे’. त्यात एकच चिठ्ठी होती.

काठावर ताज्या रंगाची लाँच ओंडक्यांवर तयार उभी होती. पाणी तिच्यापासून बरेच खाली होते. आजूबाजूला कुणालाही घाई नव्हती. तो शुक्रवार होता.