पिशवीतलं केळं

त्या गाइड पोरीवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. कुहीकडून भिवापूरपर्यंत तीन दिवस पायी सहल, आम्ही नागपूरचे बारा जण, बहुतेक निवृत्त. पोरगी आधी बुटीबोरीच्या कुठल्याशा कारखान्यात प्रथमोपचाराचं काम करायची म्हणे. चांगली नोकरी सोडून कोणी म्हाताऱ्यांना रानात फिरवतं का? काहीतरी भानगड असणारच, असं मी आमच्या ह्यांना सांगितलंही.

वागणंही तसलंच. गाइड असून चालायची सगळ्यांच्या मागे. रोज सगळ्यांचे जोडे काढायला लावून पाय बघायची आणि लाल डायरीत काहीतरी लिहायची. सकाळी मला म्हणे, “काकू, लघवीचा रंग कसा आहे?” अगं बाई! माझ्या आईनं कधी हे विचारलं नाही मला.

निघण्याआधी तिनं फॉर्म भरून घेतला होता. ‘काही आजार?’ समोर ह्यांनी ठसठशीत अक्षरात ‘नाही’ लिहिलं. मी शेजारीच होते. सहा वर्षं झाली ह्यांना शुगर होऊन, पण माहीत फक्त मला आणि डॉक्टरांना. लग्नकार्यात संत्रा बर्फी मुद्दाम चारचौघांत खातात, कुणाला शंका नको म्हणून. आजार कळला की लोक खुर्चीत बसवून ठेवतात, हे त्यांचं म्हणणं. मलाही पटायचं ते.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी संकष्टी. घरी चतुर्थीला हे सकाळीच साबुदाण्याची उसळ खातात आणि आरामखुर्चीत पडून राहतात. इथे मिळाला बिनसाखरेचा चहा. गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली.

“काका पोहे काहून खाऊन नाही राहिले?” पोरीनं विचारलं.

“उपास आहे त्यांचा,” मीच बोलले.

“गोळी-बिळी चालू आहे का काही?”

“नाही वं बाई. किती चौकशा करशील?”

तिनं पिशवीतून केळं काढून ह्यांच्या हातात दिलं. मी ते काढून घेतलं. सालीवर एक डाग नाही, पिवळंधमक. पावडर मारून पिकवलेलं असणार! माझ्या पिशवीत तळाशी टाकलं.

ऊन चढलं. धानाचे बांध संपून मिरचीची वावरं लागली. हे मागे पडायला लागले, आणि ती पोरगी त्यांच्याही मागे, त्यांच्या पावलांकडे बघत. मला संताप आला. माझ्या नवऱ्यावर पाळत ठेवते ही?

तेवढ्यात हे थांबले. सदरा घामानं चिंब, हात थरथरत होते. मला म्हणाले, “ऑफिसची बस गेली का?” रिटायर होऊन नऊ वर्षं झालीत ह्यांना. ऊन लागलं, असं मला वाटलं. त्यांच्या खिशात मी कांदा ठेवलाच होता, तो फोडून नाकाशी धरला.

पोरीनं माझा हात बाजूला सारला, ह्यांना वावराच्या बांधावर बसवलं. “काकू, शुगरची गोळी घेतात ना?”

दहाही जण आमच्याभोवती जमले होते. आणि मी, खरं सांगते, आधी त्यांच्या तोंडांकडे बघितलं. कोण कोण ऐकतंय ते. माझा माणूस डोळे फिरवत होता आणि मी लोक मोजत होते. आजही ते आठवलं की स्वतःची घृणा वाटते.

“हो,” मी म्हटलं. “घेतात.”

तिनं ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून घोट घोट पाजली. फोन करून गाडी बोलावली, भिवापूरच्या दवाखान्यात न्यायला. मग म्हणाली, “सकाळचं केळं आहे का?” मी पिशवी उपडी केली. केळं चेपलं होतं. तिनं सोललं आणि थोडं थोडं भरवलं.

हळूहळू ह्यांचा चेहरा ओळखीचा झाला. त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी मागतात.

“कोणाले सांगितलं तर नाही ना वं?”

“नाही काका, कोणालेच नाही,” पोरगीच बोलली. बाकीचे मिरच्यांकडे बघायला लागले.

माझा बांध फुटला. “सांगितलं!” मी ओरडले, “सगळ्यांसमोर सांगितलं! अन् सकाळी तिनं विचारलं, तेव्हाच सांगायला पाहिजे होतं मी.”